इंदिरानगरमधलं कुत्र्यांचं घरगुती पाळणाघर: आमच्या चिंगीचा अनुभव

घरात कुत्रं आहे आणि बाहेरगावच्या लग्नाची पत्रिका आली, की आहेर काय करायचा हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न पडतो, हिला ठेवायचं कुठे? नाशिकमध्ये त्याच्या सोयी आता बऱ्याच झाल्यात. शहराबाहेर शेतजमिनीवर कुंपण घालून, खेळायला हिरवळ करून चालवलेल्या मोठ्या जागाही आहेत. आज लिहितेय ते मात्र एका छोट्या जागेबद्दल. इंदिरानगरमध्ये एका रो हाउसमध्ये एक ताई स्वतःच्या घरात एका वेळी जास्तीत जास्त तीन कुत्री सांभाळतात. दारावर पाटी नाही, कुठे जाहिरात नाही. फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला भुसावळला गेलो तेव्हा आमची चिंगी त्यांच्याकडे होती. आल्यापासून जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलेय, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

ताईंचं नाव आणि नंबर इथे देत नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. त्या फक्त ओळखीतून आलेली कुत्री घेतात आणि नंबर सगळीकडे फिरला तर नाही म्हणता म्हणता नाकी नऊ येतील असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. पण हे वाचून दुसरी एखादी जागा कशी पारखायची एवढं कळलं तरी लिहिण्याचं चीज झालं.

आधी चिंगीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चिंगी गावठी. गव्हाळ रंग, एक कान उभा, एक पडका. वयाची दहा वर्षं उलटून गेलीत. मागच्या पायांचे सांधे धरलेत, थंडीत पहाटे उठताना तर बघवत नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि ती दह्यात लपवूनच द्यायची. ज्वारीची भाकरी आवडते, पोळी हुंगून सोडून देते. फटाक्यांची इतकी भीती, की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते आणि तासन्‌तास बाहेर येत नाही. अशा म्हाताऱ्या जिवाला परक्या घरी ठेवायचं म्हणजे आमच्या पोटात गोळाच आला होता.

सोबत न्यायचा विचार केला नाही असं नाही. पण रेल्वेत कुत्रं न्यायचं तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे नाहीतर केबिन आपल्या नावावर हवी, नसेल तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकट्याने जावं लागतं. मनमाड, चाळीसगाव, जळगाव, प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबणार, हमाल ओरडणार, भोंगे वाजणार आणि चिंगी त्या पेटीत थरथरत बसणार. आमच्या ह्यांनी तर विषयच संपवला, म्हणाले, तसं असेल तर मी लग्नाला येत नाही, तू एकटी जा.

आणि बाहेर ठेवायचं म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर जुना अनुभव. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या जागी चिंगीला ठेवलं होतं. नाव घेत नाही. रोज फोटो यायचा. हिरवळ, मागे रंगीत भिंत, चिंगी मधोमध उभी, खाली बदामाचं चिन्ह आणि लिहिलेलं, ‘हॅपी बेबी’. जेवली का विचारलं की ‘सगळं मस्त’. झोपली का विचारलं की ‘एकदम मस्त’. घरी आणली तेव्हा भुंकून भुंकून घसा बसलेला, पोट आत गेलेलं, आणि आल्या आल्या पाण्याचं भांडं तिने एका दमात रिकामं केलं. फोटो सगळे खरेच होते, पण त्यातून आम्हाला काहीच कळलं नव्हतं. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये गेली. छापलेला कागद डोळ्यांखालून घालायचा आणि दोष असेल तर तो दाखवायचा, हेच आयुष्यभर केलं. ‘सगळं मस्त’ या उत्तरावर माझं समाधान होत नाही, आणि ते कुणाचंच होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ताईंचा पत्ता मिळाला तो आमच्या सकाळच्या ग्रुपमधून. जेलरोडच्या बाजूचे आम्ही काही जण रोज फिरायला जातो. फिरणं कमी आणि गप्पा जास्त. कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, कुणाच्या गच्चीवर ब्रह्मकमळाला कळी आली, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या फिशटँकमधला मासा का मेला, सगळं तिथे निघतं. निवृत्त चित्रकलेचे एक मास्तर आहेत, ते वडाचं बोन्साय करतात आणि त्यांच्या प्रत्येक फांदीची बातमी आम्हाला असते. एकांना पक्ष्यांचा नाद. हिवाळा लागला की दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ आपल्या निफाड तालुक्यात आहे हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय, की आता नातवंडांनाही पाठ झालंय. याच पक्षीवाल्या दादांनी त्यांचा लॅब्राडोर इंदिरानगरच्या ताईंकडे ठेवला होता. ते म्हणाले, “एकदा बोलून तर बघा. त्याच तुमची मुलाखत घेतील.”

आणि तसंच झालं. फोनवर त्यांनी तारखा विचारल्याच नाहीत. आधी चिंगीचं वय, वजन, लसींचं पुस्तक, नसबंदी झालीय का, कुणाला कधी चावलीय का, जेवताना जवळ गेलेलं चालतं का, रात्री झोपते कुठे, कशाला घाबरते. मग म्हणाल्या, “आधी एका दुपारी तिला घेऊन या. दोन तास बसा. तिला पटलं आणि मला पटलं, तर पुढचं बोलू.” त्या भेटीचे पैसे घेत नाहीत.

आमच्याकडून इंदिरानगर म्हणजे द्वारका चौकाच्या कोंडीतून जायचं, त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजागी उकरलेले. पोचेपर्यंत चिंगी वैतागली होती आणि मीही. ताईंनी फाटकापाशीच थांबवलं. अंगणात एक गोणपाट अंथरलेलं. त्यावर चिंगीला उभं केलं, स्वतः खाली मांडी घालून बसल्या आणि काहीही न बोलता तिला आपला हात हुंगू दिला. चिंगीचा उभा कान हळूहळू मागे गेला तेव्हा कुठे त्यांनी तिला हात लावला. मग तपासणी. गळपट्टा काढला, त्याखालची कातडी बघितली. दोन्ही कान उलटून आत बघितलं. केसांच्या उलट्या दिशेने पाठीवरून शेपटीपर्यंत बोटं फिरवली. शेवटी चारही पंजे एकेक करून हातात घेतले आणि प्रत्येक दोन बोटांच्या मधली जागा फाकवून बघितली. म्हणाल्या, “गोचीड इथे लपते. एक आली तरी घर भरतं, आणि गोचीड तापाने कुत्रं हा हा म्हणता खंगतं. माझ्याकडे दुसऱ्यांचीही लेकरं असतात.” लसींच्या पुस्तकात रेबीजची तारीख बघितली, पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस बघितली, जंताचं औषध कधी दिलं ते विचारलं आणि सगळं एका वहीत उतरवून घेतलं. चिंगीच्या डॉक्टरांचा नंबर घेतला आणि माझ्यासमोर त्यांना फोन लावून गोळीचं नाव आणि प्रमाण पक्कं करून घेतलं. हे शेवटचं मला फार आवडलं. त्यांचा नियमच आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलंही औषध नाही. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात, आयब्युप्रोफेनने तर जीवावर बेततं. मांजराला पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मारक ठरू शकते. सांधे दुखतात म्हणून घरातली गोळी देणारी माणसं आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

घर साधं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, मागे पत्र्याची शेड आणि बारीक जाळी लावलेलं अंगण. फरशी गुळगुळीत आहे, आणि सांधे धरलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. हे मी बोलायच्या आत ताईंनी सांगितलं, “ही इथे असेल तोवर मी दारापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून अंथरुणापर्यंत गोणपाटाची वाट करते.” दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा ती वाट खरंच घातलेली होती, टोकं चिकटपट्टीने फरशीला बसवलेली.

आणखी एक गोष्ट, ती नाशिककरांनी तरी वाचावीच. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, हात उंच करूनच पोचेल अशा फळीवर द्राक्षांची टोपली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे कुणाच्या घरी द्राक्षं नसतात? मळेवाले नातेवाईक क्रेट आणून टाकतात, ते हॉलमध्ये जमिनीवरच पडलेलं असतं आणि पोरं खेळता खेळता एकेक मणी कुत्र्याला फेकतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, पण कुणाला किती मण्यांनी होईल याचा नेम नाही, त्यामुळे एकही मणी नको. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं विषबाधेचे अभ्यासक अलीकडे सांगतात, आणि तेच आम्ल चिंचेतही असतं. म्हणून ताई कुत्र्यांना आमटीचं पाणीही देत नाहीत. कांदा-लसणाचं तर नावच नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्याकडे पाहुणे आले की चपलांच्या आधी पिशव्या विचारतात, “द्राक्षं आहेत का? वर ठेवा.” पिंपळगाव, दिंडोरी, निफाड सगळीकडून बागांचा माल येतो त्या गावात कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. मला वाटतं, पुष्कळांना अजून नाही.

ताईंना छंद गोधडी शिवायचा. हॉलच्या कोपऱ्यात बोचकी बांधलेली, त्यात लोकांनी दिलेल्या जुन्या साड्या. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी त्या वेगळी गोधडी ठेवतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांच्या तर खास त्यांच्यासाठीच शिवलेल्या. मी गेले तेव्हा एक अर्धी झालेली मांडीवर होती. खाली जुन्या नऊवारीचे दोन थर, मध्ये विटलेली चादर, वर मऊ झालेली सुती पाचवारी. कडेने सुरू केलेला धावदोरा चौकोनात चौकोन घेत आत आत चाललेला. टाका इतका बारीक, की बोटाच्या एका पेरात चार-पाच सहज बसतील. मी विचारलं, फोमची गादी का नाही? म्हणाल्या, फोम ओला झाला की आतून वाळतच नाही, वास धरतो, आणि काही कुत्री तो कुरतडून गिळतात. गोधडी दुपारच्या उन्हात खडखडीत वाळते, सांधे दुखणाऱ्याला चार पदरी करून घालता येते. मग त्यांनी मला एक काम सांगितलं. घरातून एक वापरलेलं कापड आणायचं, न धुतलेलं. मी माझा रोजचा स्कार्फ दिला, ह्यांनी बनियन. दोन्ही त्यांनी मोठे सैल टाके घालून चिंगीच्या गोधडीवर वरून जोडली, जेणेकरून परत देताना उसवता येतील. कुत्र्याचं नाक म्हणजे त्याचं अर्धं घर. परक्या जागी आपल्या माणसांचा वास अंगाखाली असला की ते लवकर निवतं, असं त्यांनी सांगितलं. चिंगीच्या बाबतीत ते खरं ठरलं, पुढे येतंच.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले, त्याकडे वळते. रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ताईंचा मेसेज यायचा. आधी मजकूर, मग हवा असेल तर फोटो. पहिल्या दिवशीचा मी जपून ठेवलाय, त्यांची परवानगी घेऊन तसाच्या तसा देते.

“चिंगी दुपारी तुम्ही गेल्यावर तासभर दाराशी बसली. रडली नाही, पण हाक मारल्यावर आली नाही. पाणी प्यायली. लघवी दोनदा, शी नाही. संध्याकाळी भाकरी आणि पनीर ठेवलं, तोंड लावलं नाही. गोळी दह्यात दिली, दही चाटलं आणि गोळी जिभेने बाजूला काढली. पुन्हा दिली, गिळली, मी तोंड उघडून बघितलं. पहिल्या दिवशी न जेवणं मला नवीन नाही. उद्या दुपारपर्यंत जेवली नाही तर डॉक्टरांना विचारीन आणि तुम्हालाही कळवीन.”

हळदीच्या घरात बसून मी हे वाचलं. कुत्रं जेवलं नाही ही बातमी वाचूनही माझा जीव भांड्यात पडला. कारण जेवली नाही हे सांगणारं माणूस जेवली तर जेवली म्हणेल, आणि त्यावर आपण विश्वास ठेवू शकू. माझ्या बहिणीने विचारलं, काय गं, काय झालं? मी म्हटलं, चिंगी उपाशी आहे, पण चांगल्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज असा: “सकाळी सहाला उठली. मागचा डावा पाय आखडलेला, तीन पायांवर अंगणात गेली. उन्हात बसवलं, कोमट फडक्याने शेकलं, नऊपर्यंत पाय टेकायला लागली. शी झाली, घट्ट, रंग नेहमीचा. अर्धी भाकरी आणि सगळं पनीर खाल्लं. दोडका खाली काढून ठेवला. दुपारी बनियनवर डोकं ठेवून झोपली, स्कार्फ बाजूला ढकलला.” हे ह्यांना वाचून दाखवलं. पुढे लग्नघरात जो भेटेल त्याला बनियनची गोष्ट ऐकावी लागली.

हे मेसेज मी आमच्या सकाळच्या ग्रुपवर टाकायला लागले. त्या ग्रुपवर एरवी काय येतं? सूर्योदय, फुलं, सुविचार, सुप्रभात. भेटल्यावर इतकं बोलणारी माणसं, पण फोनवर सगळी मुकी. चिंगीची बातमी आली आणि लोक जागे झाले. दोडका नको तर दुधी द्यायला सांगा, असं एकींनी लिहिलं. पाय आखडतो तर डाव्या बाजूला झोपते का विचारा, असं मास्तरांनी. मी ते ताईंना कळवलं, त्यांनी उत्तर दिलं, डाव्याच बाजूला झोपते, आता पाठीमागे उशी लावते. मग संध्याकाळी साडेसात वाजले की ग्रुपवर विचारणा, आली का बातमी? आणि चिंगीच्या पाठोपाठ आपापल्या घरची बातमी. मास्तरांनी वडाच्या बोन्सायची मुळं छाटली त्याचं वर्णन लिहिलं, किती जाड मूळ होतं, कुंडीत वाळू किती घातली, हात का थरथरला. मांजरवाल्या काकूंनी लिहिलं, आमची मनी आज माठामागे लपली होती, दोन तास शोधत होतो. पक्षीवाल्या दादांनी चक्रवाकांची जोडी पाहिल्याचं लिहिलं. लांब राहूनही माहेरी गेलेल्या लेकीची खुशाली रोज कळावी, तसं त्या दिवसांत वाटलं. आणि हे सगळं त्या एका बाईच्या मेसेजमुळे, जिला आमच्यातले बरेचसे जण आजही भेटलेले नाहीत.

लग्नाच्या आदल्या रात्रीची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा वेळीच माणूस कळतं. रात्री दहाच्या पुढे ताईंचा फोन. माझ्या काळजात धस्स झालं. त्या म्हणाल्या, “घाबरू नका. आमच्या गल्लीतून वरात गेली, फटाके लावले. चिंगी थरथरतेय, म्हणून कळवते. आत्ता बाथरूममध्ये आहे, मी तिला बाहेर काढलेलं नाही. तिला तिथे बरं वाटतंय तर तिथेच गोधडी टाकलीय आणि मी दाराशी बसलेय. खिडक्या लावल्यात, रेडिओ लावलाय. तुम्ही घरी काय करता ते सांगा.” मी म्हटलं, आम्ही बोलत राहतो, काहीही, भाजीचं, हिशेबाचं. मग फोन स्पीकरवर टाकून त्यांनी मला बोलायला लावलं. भुसावळला मांडवाच्या मागे उभी राहून मी चिंगीला सांगत होते, उद्या भरीत आहे, कळण्याची भाकरी आहे, नवरी छान दिसतेय. थोड्या वेळाने ताई हळू आवाजात म्हणाल्या, कान खाली आला, आता ठेवा. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. आपल्याला नुसता धमाका वाटतो, त्यातलं त्यांना काय काय ऐकू येत असेल कुणास ठाऊक. त्या रात्री ताई पहाटेपर्यंत त्या दाराशीच होत्या, हे मला दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमधून कळलं, तेही एका ओळीत: “चिंगी अडीचला बाहेर आली, पाणी प्यायली, माझ्या पायावर झोपली.”

परत आणायला गेलो तेव्हा चिंगीने आम्हाला बघून अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, आखडलेल्या पायाने. वजन ताईंनी दोन्ही वेळा करून ठेवलं होतं, येताना आणि जाताना, वहीत समोरासमोर. फरक नावालाच. स्कार्फ आणि बनियन उसवून घडी करून दिलं. वहीतलं चिंगीचं पानही फाडून दिलं, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांनी ते पान वाचलं, पहाटे पाय आखडतो आणि उन्हात सुटतो हे बघून संध्याकाळच्या गोळीची वेळ बदलून रात्री झोपताना दिली. तेव्हापासून चिंगीची सकाळ पुष्कळ सोपी झालीय.

आता अडचणीही सांगायला हव्यात. दुपारी दोन ते चार ताई फोन उचलत नाहीत, तेव्हा घरातली सगळी कुत्री झोपलेली असतात. ज्यांना दर तासाला व्हिडिओ कॉल हवा त्यांना हे जमणार नाही. कॅमेरे लावलेले नाहीत. कुत्रं आणून देणं आणि घेऊन जाणं आपल्यालाच करावं लागतं, आणि नाशिकरोड, सिन्नर फाट्याकडून येणाऱ्यांना ते लांबच पडतं. संध्याकाळी सातनंतर कुत्रं देत-घेत नाहीत. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांची त्यामुळे एक रात्र वाढते, आमचीही वाढली. लसींचा पूर्ण कोर्स न झालेली पिल्लं त्या घेत नाहीत, नसबंदी न झालेले नर घेत नाहीत, आणि दांडगी, धावायला मैदान लागणारी कुत्री असतील तर त्या स्वतःच दुसरीकडे पाठवतात. अंगण लहान आहे. तरणं जर्मन शेफर्ड तिथे कंटाळेल. त्यांची स्वतःची एक म्हातारी कुत्री आहे, तिला खेळकर कुत्री आवडत नाहीत, ती गुरगुरते. ताई तिला शेडमध्ये वेगळं ठेवतात, पण आधीच्या भेटीत दोघांची ओळख करून घ्यावी. जेवण आपलंच द्यायचं. भाकरी हवी असेल तर त्या ताजी करून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण पीठ आपलं.

दर दिवसाला सहाशे रुपये, मोठ्या अंगाच्या कुत्र्याला आठशे. म्हाताऱ्या किंवा औषध चालू असलेल्या कुत्र्याचे जास्त घेत नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आजारपणाचे पैसे लावले की लोक आजार लपवतात. मोठ्या जागांच्या मानाने दर कमी नाही, थोडा जास्तच असेल. मला तो पूर्ण योग्य वाटला. पैसे निम्मे आधी, निम्मे नेताना, फोनवरून दिलेले चालतात.

सोबत काय न्यायचं ते सांगते: लसींचं पुस्तक, डॉक्टरांची चिठ्ठी, नेहमीचं खाणं दोन दिवसांचं जास्तीचं, पाण्याचं स्वतःचं भांडं, आणि घरातलं न धुतलेलं एक कापड. खेळणं नको म्हणतात, त्यावरून भांडणं होतात. कुत्रं कशाला घाबरतं, काय गिळतं, कुणावर धावून जातं, सगळं खरं सांगा. त्या खरं सांगतात, त्यांनाही खरंच लागतं.

दिवाळीत त्या कुणाचंच कुत्रं घेत नाहीत, गल्लीत फटाके असतात म्हणून. मे महिन्याच्या तारखा मार्चमध्येच भरतात. लग्नसराईत जायचं ठरलं की गाडीच्या तिकिटाआधी त्यांना फोन करा, आणि ओळख हवी असेल तर सकाळी साडेसहाला आमच्या ग्रुपसोबत फिरायला या, पक्षीवाले दादा नंबर देतील. आधी तुमच्या कुत्र्याबद्दल चार प्रश्न विचारतील, तेवढी तयारी ठेवा.